ओळीच्या मध्ये श्वास

९ तारीख

चि. टिटवीस,

अक्षर बघून दचकू नकोस, माझंच आहे. लहानपणी तू ज्याला 'छापील' म्हणायचीस, त्याचे आता कुत्र्याचे पाय मांजराला लागले आहेत. मी पेन धरलंय की पेनाने मला धरलंय, हे सांगणं कठीण आहे. पण इथल्या बाई म्हणाल्या, लिहा आजोबा, बोटांना तेवढाच व्यायाम. म्हणून लिहितो. दुसरं काही कारण नाही असं समज.

बोलता येत नाही. गळ्याला पुढून भोक पाडून त्यात नळी बसवली आहे आणि नळीचं दुसरं टोक उशाशी ठेवलेल्या श्वासाच्या यंत्राला जोडलं आहे. हवा गळ्यातूनच आत जाते, गळ्यातूनच बाहेर येते, कंठापर्यंत चढतच नाही. ओठ हलतात, आवाज नाही. ज्या माणसाचं तोंड बंद करणं तुझ्या आईला जन्मभर जमलं नाही, ते बोटभर नळीने करून दाखवलं. ती असती तर तिने नळीची पाठ थोपटली असती.

खोकला झाला आणि तो छातीत उतरला, एवढं आठवतं. मामा सांगतो, उचलून आणलं तेव्हा माझे ओठ शाई प्यायल्यासारखे झाले होते. त्यापुढचे दिवस माझ्याकडे नाहीत. त्या दिवसांत मी पंपघरात होतो. खरंच सांगतो. मोठा पंप चालू होता, माझी पाळी संपत नव्हती आणि माझ्या जागी येणारा माणूस काही येत नव्हता. शुद्धीवर आलो तेव्हा कळलं, पंप खरा होता. फक्त तो गावाला पाणी नाही, मला हवा पाजत होता. सगळी नोकरी पंपांच्या घरघरीत गेली, तेव्हा प्रमाणपत्र द्यायचा अधिकार मला आहे: झडपा घट्ट आहेत, चाल एकसारखी आहे, माणसं जपून वापरतात.

मामा रोज येतो. कंडक्टर होता तेव्हासारखाच दारातून ओरडतो, "चला, आत सरका, जागा आहे!" आणि सिस्टर डोळे वटारतात. या पानांचे फोटो काढून तो तुला फोनवर पाठवणार आहे. "पोस्टाने कशाला भाऊजी? पत्राच्या आधी तुम्हीच घरी पोचाल," म्हणाला.

आता एक विचारायचं आहे. मला या यंत्राला लावलं कोणी? तुझी आई गेली तेव्हापासून मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, माझ्यावरही असलं काही करायचं नाही. शेजाऱ्यांना सांगितलं, मामाला सांगितलं, तुला तर सांगितलंच होतं. मामाला पाटीवर लिहून विचारलं, तर तो खिडकीकडे बघत "आज ऊन फार आहे" म्हणाला. आभाळ भरून आलं होतं. ज्याने कोणी लावलं त्याने माझा शब्द मोडला. हे मी विसरणार नाही. तुला माहीत असेल तर कळव.

बोटं थकली. थांबतो.

बाबा

१२ तारीख

चि. टिटवीस,

तुझं उत्तर नाही. मामा फोन उघडून दाखवतो, "हे बघा, दोन निळ्या खुणा. म्हणजे वाचलं." वाचलं आणि उत्तर देणार नाही, हे निळ्या रंगात कळवायची सोय कोणी काढली कोण जाणे. आमच्या वेळी निदान पत्र वाटेत हरवलं असेल अशी आशा धरता यायची.

असो. आता यंत्र सोडवायचं काम चालू आहे. ते काम ज्यांच्याकडे आहे, त्यांचं सगळं शिक्षण श्वासाचं आहे. वयाने तुझ्याहून लहान असतील, पण मी त्यांना मनात 'बाई'च म्हणतो. त्या आल्या की चौथीच्या बाकावर बसल्यासारखं ताठ व्हावंसं वाटतं. पहिल्याच दिवशी त्यांनी समजावलं, "आजोबा, इतके दिवस या यंत्राने तुमच्या वाटचे श्वास घेतले. तोवर तुमच्या छातीखालचा पडदा आळशी झाला. आयतं मिळालं की कोणीही होतं. आता आपण यंत्राला थोडं थोडं आळशी करायचं."

ते असं. रोज काही वेळ नळी यंत्रापासून सोडवतात आणि तिला ओलसर ऑक्सिजनची एक तोटी लावतात. पण ओढून घ्यायचं काम आपलं आपण. बाई समोर स्टूल टाकून बसतात. मॉनिटरच्या पडद्यावर श्वासाच्या लाटा उमटत असतात, त्यांच्याकडे त्या कमी बघतात आणि माझ्या खांद्यांकडे जास्त. खांदे कानांना भेटायला निघाले, कपाळावर घाम आला, की पुरे. नळी परत यंत्राला. उद्या पुन्हा.

तुला सायकल शिकवताना मी मागून सीट धरून पळत होतो आणि मध्येच सोडून दिली. तुला बराच वेळ कळलंच नाही. मला मात्र सोडल्यासोडल्या कळतं. पंपघरात वीज गेली की एकदम जी शांतता पडायची ना, अगदी तशी. मग छातीत कोणीतरी धावत सुटतं. तुझा बाप धीराचा म्हणून गावात ओळखला जायचा, तेव्हा हे मामाला सांगू नकोस. (तो फोटो काढताना वाचतोच. वाच रे.)

भीती घालवायला माझ्याकडे एकच औषध आहे, ते मी घेतो. मनात कविता म्हणतो. आपली झाडाची:

उंच कड्यावर उभा एकटा वाकडतिकडा वृक्ष जुना
वादळ म्हणते, "वाकलास का?" तो म्हणतो, "मी उभा पुन्हा."

पुस्तक थोरल्या भावाकडून माझ्याकडे आलं तेव्हा त्या पानाचा कोपरा वाळवीने खाल्ला होता, कवीच्या नावासकट. त्यामुळे ही कविता कोणाची ते मला आजवर माहीत नाही. लहानपणी वाटायचं, झाडानेच केली असेल. डोळे मिटले की तो वर्ग दिसतो. खडूचा वास, कौलातून पडलेला उन्हाचा तुकडा फरशीवरून सरकत सरकत मास्तरांच्या पायापाशी जायचा, आणि आम्ही सगळे एका सुरात. मास्तरांचा नियम एकच, ओळ एका दमात. "ओळ म्हणजे पूल," ते म्हणायचे. "पुलाच्या मध्ये कोणी मुक्काम करत नाही!" ज्याने मध्ये श्वास घेतला, त्याने पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं. पुढे तो नियम माझ्या हाडात मुरला. तुला त्याचा जाच झाला, ते ठाऊक आहे.

अजून पास झालो नाही. शेजारच्या खाटेवरचा ट्रक ड्रायव्हर माझ्यानंतर आला आणि काल यंत्र सोडून मोकळा झाला. जाताना अंगठा दाखवून गेला. धीर द्यायला की डिवचायला, त्यालाच ठाऊक.

बाबा

१६ तारीख

टिटवे,

आज सगळं सांगतो, ओळीने.

सकाळी डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे राहून बाईंशी बोलत होते. गळ्यात नळी असली की लोकांना वाटतं, ती कानातही असणार. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं साफ झालीत. ताकदही आलीय. तरी यंत्र काढलं की हा माणूस मध्येच श्वास थांबवतो आणि मग धापा टाकतो. मेंदूकडून हुकूमच नीट सुटत नसेल. फोटो काढून बघू. या आठवड्यात जमलं नाही, तर कायमचे यंत्रावर असतात त्यांच्या विभागात हलवावं लागेल."

बाई म्हणाल्या, "आठवडा पूर्ण द्या मला, सर."

तो विभाग मी पाहिला आहे, टिटवे. मला एक्स-रेला नेताना ढकलखुर्ची त्याच्या दारावरून गेली. स्वच्छ आहे, उजेड आहे. माणसं खिडकीकडे तोंड करून ठेवलेली आहेत, कुंड्या ठेवतात तशी. वाईट काहीच नाही तिथे. फक्त कोणीच कोणाशी बोलत नव्हतं.

मामा आला तेव्हा मी पाटीवर लिहिलं, "मला याला कोणी लावलं? आज सांग. तिकडे गेल्यावर सांगून काय उपयोग?"

या वेळी त्याने ऊन काढलं नाही. स्टूल जवळ ओढलं.

"भाऊजी, हे तिकीट मी फाडलेलं नाही," म्हणाला. "मला कोणी विचारलंच नाही. मुलगी आहे ना, तिला फोन लावा म्हणाले. मी लावून दिला. तिने डॉक्टरांना एकच विचारलं, 'यातून बाहेर यायची आशा आहे का?' ते म्हणाले, आहे. मग म्हणाली, 'लावा. बाबांच्या शिव्या मी खाईन.'"

त्यानेच पुढे सांगितलं.

"रोज सकाळी सिस्टरांना फोन करून तुमची चौकशी करायची. बाबांना सांगू नको, असं मला बजावलं होतं. तुमचं पहिलं पत्र मी पाठवलं, तेव्हापासून तिचा रोजचा फोन यायचा बंद झाला."

"अरे मग ते पाठवलंस कशाला?" हे मी इतक्या जोरात लिहिलं की खडूचे दोन तुकडे झाले.

"माझं काम पोचवायचं, भाऊजी. आत बसलेला कोण आहे ते मी बघत नाही," म्हणाला, आणि गप्प बसला. मामा गप्प बसलेला मी तुझ्या आईच्या वेळेनंतर पहिल्यांदा पाहिला.

पाटीवरचं पुसता येतं ग. तुझ्याकडे गेलेलं कसं पुसू? 'शब्द मोडला' म्हणून मी लिहिलं. 'विसरणार नाही' म्हणून लिहिलं. ते वाचलंस तेव्हा तू काय करत होतीस? स्वयंपाक करत होतीस की कामावर होतीस? कोणी जवळ होतं का?

यावर आता मी कागदावर काही लिहिणार नाही. कागदाने एकदा घात केला आहे. मला तुझ्याशी तोंडाने बोलायचं आहे, माझ्या आवाजात. बाई म्हणतात, यंत्राशिवाय नीट निभावता आलं की नळीवर एक टोपी बसवतात. ती हवा आत येऊ देते, पण बाहेर जाताना वाट अडवते, म्हणजे हवेला कंठातून जावंच लागतं आणि माणूस बोलू शकतो. तेवढ्यासाठी तरी मला पास व्हायचं आहे. मागे लागेन. टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात, आणि मी तर टिटवीचा बाप.

बाबा

१८ तारीख

टिटवे,

हस. मी हसू शकत नाही, खोकला येतो. माझ्या वाटचं तू हस.

आज बाईंनी यंत्र सोडवलं आणि नेहमीसारख्या समोर बसल्या. मी डोळे मिटून कड्यावर गेलो. जरा वेळाने त्यांनी माझा हात धरला.

"आजोबा, चादरीवर बोटांनी काय मोजताय?"

पाटीवर लिहिलं, "मात्रा."

"औषधाच्या?"

"कवितेच्या."

त्यांनी पाटी पुसून माझ्या हातात दिली. "लिहा बघू कविता." मी दोन ओळी लिहिल्या. त्यांनी वाचल्या, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं. "आता म्हणा. मनातच म्हणा."

म्हटल्या. डोळे उघडून पडद्यावर मीही पाहिलं. ओळ चालू होती तोवर लाट निजलेली, बांधाच्या पाण्यासारखी. 'जुना' झालं की डोंगर. पुन्हा सपाट. 'पुन्हा' झालं की आणखी मोठा डोंगर. दोन कडवी झाली आणि खांदे कानांशी.

बाईंनी नळी यंत्राला जोडली, मी पाटीवर मास्तरांचा 'ओळ एका दमात' हा नियम लिहिला, आणि त्या तोंडावर हात धरून हसायला लागल्या. इतक्या हसल्या की सिस्टर पडदा सारून बघून गेल्या. "अहो, मेंदू ठणठणीत आहे तुमचा! मास्तर बिघडलेत! डॉक्टर मेंदूचा फोटो काढायला निघालेत आणि तुम्ही इथे दम कोंडून वृत्त सांभाळताय!"

शपथेवर सांगतो, मला ते कळतच नव्हतं. ती ओळ आणि तो दम माझ्यात एकच झालेले आहेत. एवढा जीव यंत्राला टांगलेला, तरी ओळ मध्ये तोडायची नाही हे शरीराने आपलं आपण ठरवून टाकलं होतं. मास्तर जाऊन किती वर्षं झाली, आणि त्यांची पट्टी अजून माझ्या बरगड्यांवर.

"उद्यापासून कविता बंद," बाईंनी फर्मावलं. मी संध्याकाळीच करून बघू म्हणालो, म्हणजे लिहिलं. केलं. कविता नाही म्हटल्यावर पंपघरातली ती शांतता आली आणि मी रोजच्याहून लवकर नापास झालो.

बाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "बरं, म्हणा. पण श्वास येईल तिथे घ्यायचा. ओळ तुटली तर तुटली."

मी लिहिलं, "येत नाही."

"तुम्हाला येत नाही. पण चुकीची कविता म्हणणारं कोणीतरी असेलच की माहितीतलं. आठवा त्याला आणि करा नक्कल."

आठवायला कशाला लागतंय, टिटवे?

बाबा

२१ तारीख

टिटवे,

तू सहा-सात वर्षांची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी, हात मागे बांधलेले, एक वेणी सुटलेली. "उंच कड्यावर उभा एकटा वाकड…" आणि तिथे तुझा दम संपायचा. "हप्!" करून तू हवेचा घास घ्यायचीस आणि मग "…तिकडा वृक्ष जुना!" दर वेळी तिथेच. शब्दाच्या बरोबर मध्ये. मी म्हणायचो, पुन्हा पहिल्यापासून. तू पुन्हा म्हणायचीस, आणि पुन्हा वाकड-हप्-तिकडा. तुझी आई पोळपाटावरून न बघता म्हणायची, "झाड वाकडंतिकडं आहे म्हणता ना? मग बरोबरच म्हणतेय की ती." आणि मी हट्टाला पेटलो की म्हणायची, "अहो, घेऊ द्या हो तिला श्वास."

परवा यंत्र सुटलं आणि मी त्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहिलो. माझ्या पायांनी नाही, तुझ्या. हात मागे बांधले, म्हणजे मनात. "उंच कड्यावर उभा एकटा वाकड…" आणि तुझ्यासारखा घास घेतला. हप्. आभाळ कोसळलं नाही. मास्तरही आले नाहीत. पडद्यावर एक छोटी, नीटनेटकी लाट उमटली आणि बाईंनी भुवया उंचावल्या. "…तिकडा वृक्ष जुना." हप्. "वादळ म्हणते, वाक…" हप्. पुढे पुढे तर तू घ्यायचीस त्याहूनही जास्त ठिकाणी घेतला. कवितेची पार चाळण झाली. झाड मात्र उभं राहिलं.

काल त्याहून जास्त वेळ काढला. आज सकाळी लावलेली तोटी दुपारी बाईंनीच काढली, मला दम लागला म्हणून नाही, त्यांना जेवायला जायचं होतं म्हणून. डॉक्टर आले, लाटा पाहून म्हणाले, "काय केलंत यांना?" बाई म्हणाल्या, "शाळा बदलली, सर." फोटो रद्द झाला. त्या दुसऱ्या विभागाचं नाव आता कोणी काढत नाही.

रात्री अजून यंत्राला जोडतात, विश्रांती म्हणून. चालेल. पंपांनाही आम्ही आळीपाळीने विश्रांती द्यायचो.

कागदावर लिहिणार नाही म्हणालो होतो, पण एक गोष्ट तोंडाने मला कधीच सांगता येणार नाही. ती इथेच लिहितो.

तुझ्या आईच्या वेळी तू धावत आलीस तोवर सगळं संपलं होतं. जिन्यात म्हणालीस, "तुम्ही तिला श्वाससुद्धा घेऊ दिला नाहीत." त्यावर मी काही बोललो नाही आणि तू चार वर्षं बोलली नाहीस. कामापुरतं बोललीस, ते मी धरत नाही. तिने मला आधीच सांगून ठेवलं होतं, नळ्या लावायच्या नाहीत म्हणून. हे तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते हे: तिचा शब्द असूनही मी तो मोडायला निघालो होतो. डॉक्टरांचा हात धरून विचारलं, "यातून बाहेर यायची आशा आहे का?" त्यांनी मान हलवली. नाही. तिची फुप्फुसं परत फिरणारी नव्हती. मग मी तिचा शब्द पाळला.

आशा नव्हती, हे वाक्य तुझ्यासमोर माझ्या तोंडून निघालं नसतं. अजूनही निघणार नाही. मला वाटलं, तू माझ्यावर रागावलीस तर निदान रागावायला कोणीतरी राहील. आजाराशी कोण भांडत बसणार?

मामाने तुझा प्रश्न सांगितला, तेव्हापासून तोच डोक्यात आहे. तू विचारलंस तेच मी विचारलं होतं, अगदी त्याच शब्दांत. तुला मिळालेलं उत्तर वेगळं होतं, एवढंच. तुला वेगळं मिळालं, याचा मला किती आनंद आहे ते आत्ता उमजतंय.

तुझ्या आईला यावर काय वाटलं असतं, याचा विचार करत होतो. 'दोघं एकाच मातीची,' म्हणाली असती, आणि पोळी उलटली असती.

बाबा

२५ तारीख

टिटवे,

काल फोनवर तुला जे ऐकू आलं ते तुला माहीत. या बाजूला काय झालं, ते सांगतो.

बाईंनी आधी नळीभोवतीचा फुगा उतरवला, मग टोपी बसवली. बोटाच्या पेराएवढी जांभळी टोपी आहे. म्हणाल्या, "घाई नको. आधी नुसता 'आ' म्हणा." मी 'आ' म्हटलं आणि घाबरलो. खोलीत कोणी म्हातारा माणूस आला आहे असं वाटलं. सिस्टर म्हणाल्या, "अय्या, आजोबांचा आवाज असा आहे होय!" मामा म्हणाला, "हा नाही. याहून बरा होता. पण सुट्ट्या पैशांसारखा आहे, मिळाला तो घ्यायचा."

मग त्याने फोन लावला आणि माझ्या कानाशी धरला. मी काय बोलायचं ते चार दिवस जुळवत होतो. माफी कशी मागायची, पहिलं वाक्य कोणतं, सगळं पाठ. वाजत राहिलं, वाजत राहिलं. तू उचललास आणि "मामा, काय झालं?" म्हणालीस, इतक्या घाबऱ्या आवाजात, की माझं पाठ केलेलं सगळं पळालं. जिभेवर एकच होतं, तेच निघालं.

"उंच कड्यावर उभा एकटा वाकड…" हप्. "…तिकडा वृक्ष जुना."

पलीकडे काहीच नाही. मामा फोनकडे बघायला लागला, लागलाय की तुटलाय. बाई माझ्या खांद्यांकडे बघत होत्या. मी तर श्वास घ्यायचाच विसरलो. एवढं शिकून.

मग तू म्हणालीस, "बाबा, चुकलात. पुन्हा पहिल्यापासून."

टिटवे, त्यानंतर तू रडलीस की हसलीस, ते मला नीट कळलं नाही. मी काय केलं, तेही मामाला विचार. बाईंनी तेवढ्यात टोपी काढली, म्हणाल्या आजच्यापुरतं पुरे, ऑक्सिजन उतरतोय. म्हणून पुढचं 'लावलंस ते बरं केलंस' हे तुला नुसत्या ओठांनी म्हटलं. ते तुला ऐकू आलं नसणार. म्हणून इथे लिहितो, आणि हे कागदावर राहू दे, पुसू नकोस: लावलंस ते बरं केलंस.

मामाने फोन खिशात टाकला, नाक पुसलं आणि दारात जाऊन ओरडला, "चला, पुढे चला!" या वेळी सिस्टरांनी डोळे वटारले नाहीत.

बाबा

३० तारीख

टिटवे,

हे तू गाडीत वाचशील. मामा म्हणतो, निघाली आहे, खिडकीची जागा मिळाली आहे.

यंत्र कालच शेजारच्या खोलीत गेलं. तिथे कोणाला तरी त्याची गरज लागली. जाताना मी त्याच्या बाजूवर हात फिरवला. बाईंनी पाहिलं, पण हसल्या नाहीत. आज सकाळी नळीही काढली. मला वाटलं होतं मोठी शस्त्रक्रिया असेल. कसलं काय, "खोका आजोबा" म्हणाल्या आणि खोकलो तोवर ती बाहेर. भोकावर कापसाची चौकोनी घडी चिकटवली आहे, आपलं आपण बुजेल म्हणतात. तोवर बोलताना तिथे बोट दाबून धरायचं, नाहीतर शब्द गळ्यातूनच पळून जातात.

बाईंनी कविता उतरवून घेतली. नव्या येणाऱ्यांना शिकवणार म्हणाल्या, पण तुझ्या पद्धतीची. श्वासाच्या जागी त्यांनी लाल पेनाने खुणा केल्या आहेत. पहिली खूण 'वाकड'च्या पुढे. कवीचं नाव विचारत होत्या. मी म्हटलं, कविता झाडाची, पण चाल माझ्या मुलीची.

मी खिडकीपाशी खुर्चीत बसलेला असेन. बारीक झालोय, ओळखायला एक क्षण लागेल, तो घे. उठून पुढे येता येणार नाही. आणि मी बोलेनच, मला राहवणार नाही, म्हणून माझा एक हात गळ्यावर गुंतलेला असेल.

दुसरा मोकळा आहे.

बाबा